नको म्हणायची सोय

साळवेबाईंच्या करंज्या तळताना कधी फुटत नसत. माझ्या हमखास फुटतात. एवढ्यावरून एखाद्या बाईचा हेवा करू नये हे मला कळतं, पण हेव्याला सुरुवात करायला करंजीसुद्धा पुरते. नाताळ आला की दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आम्हा मराठी सरकारी बिऱ्हाडांमधून त्यांचा स्टीलचा डबा फिरायचा. आमचे हे पहिली करंजी तोंडात टाकून म्हणायचे, "वा! हाताला चव आहे हो बाईंच्या." दिवाळीत माझ्या करंज्या खाताना मात्र हे पेपर वाचत असत.

बाई मूळच्या नगरच्या, मराठी ख्रिस्ती. लग्न केलेलं नव्हतं. धाकटा भाऊ केंद्र सरकारच्या नोकरीत होता, त्याच्या क्वार्टरमध्ये त्या राहायच्या, आणि मी ज्या शाळेत अर्थशास्त्र शिकवत होते त्याच शाळेत भूगोल शिकवायच्या. शाळेत मराठी अशा आम्ही दोघीच. त्यामुळे मनातलं बोलायला मला त्याच आणि मनातून जळायलाही त्याच.

दिसायला सांगण्यासारखं काही नव्हतं. ठेंगणा बांधा, हिवाळाभर मोज्यांवर चपला, खांद्याला खाकी कापडी पिशवी. पिशवीत होकायंत्र, बामची बाटली आणि आल्याच्या वड्या. हिंदी ऐकाल तर कानावर हात ठेवाल. "बच्चा लोग, नक्शा नीट पकडो, इधर बघो." मी हिंदीच्या परीक्षा देऊन आले होते, माझी क्रियापदं जागच्या जागी असत. पण माझ्या वर्गात पोरं घड्याळाकडे बघायची आणि त्यांच्या वर्गातून घंटा झाली तरी उठायची नाहीत.

त्यांची एक सवय मी वर्षानुवर्षं पाहिली. कुणी काही सांगायला आलं की त्या हातातली वस्तू खाली ठेवायच्या. खडू असो, पेपरांचा गठ्ठा असो, नुकता ओतलेला चहा असो. समोरच्याचं सगळं ऐकून होईपर्यंत त्या वस्तूला हात लावत नसत. मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे कुणी ना कुणी यायचंच, त्यामुळे बाईंना गरम चहा म्हणून मिळाला नाही. साय धरलेला गार चहा त्या शेवटी एका घोटात संपवायच्या. माझा चहा रोज गरम असायचा. तेव्हा मला ते सुख वाटत नव्हतं एवढं खरं.

दुसरी गंमत जेवणाची. आपल्याकडे आग्रहाशिवाय पंगत होत नाही. "घ्या हो, एकच, माझ्या हातची" असं म्हणत आम्ही बायका माणसाचा जीव नकोसा करतो. बाई वाढायला उभ्या राहिल्या की एकदाच विचारायच्या, "नको ना? मग राहू दे," आणि पुढच्या पानाकडे वळायच्या. मागे राहिलेला माणूस ओशाळून हाक मारायचा, "बाई, अर्धी द्या." मी एकदा म्हटलं, "ही तुमची युक्ती आहे." त्या म्हणाल्या, "युक्ती कसली? नको म्हणायची सोय असली की माणूस मोकळेपणानं खातो."

माझी मुक्ता त्यांच्याकडे भूगोलाला होती. एका वर्षी बाईंनी तिच्या वर्गाला दिल्लीच्या कडेच्या द्वारकेला नेलं. आजची मेट्रोची, सोसायट्यांची द्वारका नव्हे. तेव्हा तिथं सेक्टरच्या पाट्या आधी आल्या होत्या आणि माणसं यायची होती. अर्धवट इमारतींच्या मधे मोहरी फुललेली. बाईंनी मुलांना मातीच्या ढिगावर उभं करून विचारलं, "इथं नकाशात काय लिहिलंय?" मुलं म्हणाली, "सेक्टर." मग खाटेवर हुक्का ओढत बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आता यांना विचारा." म्हाताऱ्यानं प्रत्येक शेताचं नाव सांगितलं. मुक्ता त्या संध्याकाळी जेवताना त्या नावांबद्दल बोलत राहिली. "आई, यार, एका शेताचं नाव रुसलेली सून होतं. बिल्कुल सच्ची!" मी तिला मागणी आणि पुरवठा शिकवताना ती कधी घासही थांबवत नसे. मी ताट उचललं आणि म्हटलं, "परीक्षेत शेतांची नावं विचारत नाहीत." दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती बाईंच्या शेजारी बसलेली दिसली, आणि बाईंचा चहा खाली ठेवलेला होता.

हे असं चाललं असताना शाळेत ती चाचणी आली. दिवसच तसे होते. गुडगावात काचेच्या इमारती उठत होत्या, फोनवर परदेशी गिऱ्हाइकांशी बोलण्याचे पगार मिळायला लागले होते, आणि करोल बागेत बाप मुलाला घेऊन टाय विकत घ्यायला जात होते. गुडगावच्या एका कंपनीनं आमच्या प्रिन्सिपल सरांना गळ घातली की अकरावीच्या सगळ्या मुलांची आम्ही नोकरीच्या कौशल्यांची चाचणी घेऊ. कोण नोकरीला लायक, कोणाला आणखी घासायला हवं आणि कोणाचं कठीण आहे, ते हिरव्या, पिवळ्या आणि लाल कार्डावर लिहून देऊ. चाचणीची प्रमुख म्हणून सरांनी माझं नाव घातलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. शाळेत पहिल्यांदाच मुलं माझ्यामागे येणार होती. आणि चाचणी काही वाईट नव्हती. पहिल्या वर्षी हिरवं कार्ड मिळालेल्या काही मुलांना कंपन्यांनी सुट्टीत कामाला बोलावलं. एकाची आई माझ्या घरी मिठाई घेऊन आली होती.

पण लाल कार्डंही निघाली. विपिन नावाचा मुलगा होता, अडखळत बोलायचा, पण बोलायचा. कार्ड मिळाल्यावर पोरं त्याला 'लाल बत्ती' म्हणायला लागली आणि त्यानं वर्गात हात वर करणं सोडलं; त्या वर्षी नापास होऊन तो पुन्हा अकरावीतच बसला. बाईंनी स्टाफरूममध्ये माझ्यासमोर खुर्ची ओढली.

"जोशीबाई, आपण घरी ताप मोजतो तेव्हा पुढे औषध देतो ना? इथं नुसता ताप सांगून पोराला उन्हात उभं केलंय."

"बाहेर जग तेच करणार आहे साळवेबाई. आत्ता कळलेलं बरं."

"असेल. ज्याला कळून घ्यायचंय त्यानं बसावं की. मी कुठं बंद करा म्हणते? पण ज्याला नको त्याला नको म्हणता आलं पाहिजे."

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत, सरांकडे गेल्या. सर वैतागले, पण दोन-तीन पालकांचीही कुरकुर त्यांच्या कानावर होती. त्यांनी मला बोलावलं. "मिसेस जोशी, सर्क्युलर में एक लाईन डाल दीजिए छूट वाली. लेकिन बैठनी पूरी इलेवंथ चाहिए. समझ रही हैं न?" मी समजले. मी फार विचार करून ओळ लिहिली की ज्यांना आपल्या पाल्याला चाचणीला बसवायचं नसेल त्यांनी शिक्षकांना समक्ष भेटून तसं सांगावं. चिठ्ठी चालणार नाही, फोन चालणार नाही. जानेवारीतली दिल्लीची थंडी, धुकं, बाप ऑफिसात अडकलेले, आया घरात. शाळेपर्यंत कोण येतंय? सरांनी ओळ वाचली आणि ते हसले. मीही हसले. घरी येऊन ह्यांनाही ती ओळ वाचून दाखवली. मुक्ता तिथंच केसांना तेल लावत बसली होती.

त्याच आठवड्यात माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. लक्ष्मीबाई नगरातलं माझं हळदीकुंकू मोठं असायचं. मराठी बायका तर येतच, पण शेजारच्या पंजाबी, बंगाली बायकाही कौतुकानं येत. आमच्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आया तर झाडून सगळ्या. पुरुष माणसांना त्या संध्याकाळी घरात थारा नसे. ह्यांना मी स्वयंपाकघरात कोंडून मसाला दूध ढवळायला बसवलं होतं.

साळवेबाई दरवर्षी येत. पहिल्या वर्षी एक वहिनी करंडा हातात धरून घुटमळल्या होत्या, ख्रिस्ती बाईला लावायचं की नाही, लग्नही झालेलं नाही. तेव्हा बाईंनी आपणहून कपाळ पुढे केलं होतं. "लावा हो, कुमारिका आहे मी." पन्नाशीची कुमारिका बघून सगळ्याजणी इतक्या हसल्या की घुटमळ तिथंच संपली. तेव्हापासून त्यांच्याशिवाय कुणाचं हळदीकुंकू होत नसे, आणि माझ्या घरातही त्या आल्या की बायका माझ्यापासून सरकून त्यांच्याकडे जात.

त्या वर्षीही तेच झालं. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. मी काळी चंद्रकळा नेसून इकडून तिकडे पळत होते, कुंकू लाव, अत्तर लाव, तिळगूळ दे, वाण दे. वाणाला मी चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. मला दिसत होतं की एकेक बाई गाळणी घेऊन बाईंपाशी जाते, वाकून काहीतरी बोलते, बाई मान डोलावतात, आणि ती हलक्या चेहऱ्यानं दूध प्यायला बसते. बाईंच्या हातातला पेला खाली ठेवलेला होता. दुधावर साय धरली होती. मी मनात म्हटलं, माझं घर, माझं वाण, आणि दरबार हिचा! मधे त्या उठून पेला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, दूध गरम करून घ्यायला असेल असं मला वाटलं. जाताना दारात म्हणाल्या, "जोशीबाई, हळदीकुंकू झकास झालं हो." आणि कुंकू न पुसता धुक्यात निघून गेल्या.

चाचणीच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं. बाई तिथं उभ्या होत्या. कोणकोणत्या मुलांच्या पालकांनी आपल्याला समक्ष भेटून नको म्हणून सांगितलं ते त्यांनी तोंडपाठ सांगितलं. विपिनचं नाव पहिलं होतं.

"लेकिन ये लोग स्कूल आए कब?" सरांनी विचारलं.

"स्कूल में कहाँ सर? जोशी मॅडम के घर में. समक्ष ही तो मिला सब लोग. मैं टीचर हूँ ना?"

शाळेत येऊन भेटावं असं मी लिहिलंच नव्हतं. समक्ष एवढंच लिहिलं होतं. ज्या बायका धुक्यातून शाळेपर्यंत येणार नव्हत्या त्या नटूनथटून माझ्याच घरी आल्या होत्या, आणि मीच त्यांना तिळगूळ देऊन गोड बोला म्हटलं होतं. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं त्या दिवशीच्या चंद्रकळेसकट जमिनीत जावं. ओळ मागे घेता येईना, कारण पालक पुन्हा ओरडले असते. चाचणीला अर्ध्याहून जास्त वर्ग बसला, पण पूर्ण अकरावी काही बसली नाही.

आणि चाचणीच्या दिवशी मी बाकांमधून फिरत असताना मला दिसलं की मुक्ताचा बाक रिकामा आहे.

तिचं नाव बाईंनी सरांसमोर माझ्या देखत घेतलं नव्हतं. नंतर, मी बाहेर गेल्यावर, हळूच घेतलं होतं, हे सरांकडून कळलं. पालक म्हणून समक्ष कोणी सांगितलं? आमच्या ह्यांनी. स्वयंपाकघरात, दूध ढवळता ढवळता. मी ज्यांना कोंडून घातलं होतं त्यांनीच.

भूगोलाच्या खोलीत मी बाईंना गाठलं. मुलं बाहेर होती, पण मला आवाजाचं भान नव्हतं.

"माझ्या मुलीच्या बाबतीत तुम्ही पडायचं काय कारण? दुसऱ्यांच्या आया कमी पडल्या म्हणून माझी मुलगी?"

बाईंनी हातातला नकाशा खाली ठेवला. "रागवा. रागवायचा हक्क आहे तुमचा."

"तिला भीती वाटत होती तर ती मला सांगती. मी काय वाघ आहे?"

"भीती तिला लाल कार्डाची नव्हती हो," बाई म्हणाल्या. "चाचणीच्या सरावाच्या पेपरात तिला काही जमेना. ती मला म्हणाली, माझं काही होऊ दे मॅम, पण आईच्या टेस्टमध्ये आईच्याच मुलीला लाल मिळालं तर सगळे आईला हसतील. आई इतकी खूष आहे. तेवढ्यासाठी तिला बसायचं नव्हतं. आणि तुमचं मन मोडेल म्हणून तुम्हाला सांगायचं नव्हतं."

कोणत्याही आईनं ऐकावं असं ते बोलणं होतं, आणि ते मला दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकावं लागत होतं. मुक्तानं ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा कसा झाला असेल, ती रडली असेल का, तिनं बाईंचा हात धरला असेल का, ते सगळं त्यांनी पाहिलं होतं आणि मी पाहिलं नव्हतं. चोरांनी दागिने नेले असते तरी मला एवढं लागलं नसतं.

"मला सांगणं सोपं होतं, जोशीबाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझं काय जातंय? जिथं जीव अडकलेला असतो तिथं बोलणं कठीण."

समजूत म्हणून ते चांगलंच होतं. मी घरी नेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. पण हेवा समजुतीनं जात नाही. त्यानंतर त्यांच्याशी माझं वागणं व्यवस्थित राहिलं. मी करंज्यांचा डबा घेत राहिले, रिकामा परत न करता त्यात लाडू घालून देत राहिले. आम्ही एकमेकींना रिटायर होताना शाली दिल्या. चाचणी पुढेही काही वर्षं चालली. सूट देणारी ओळही तशीच राहिली, आणि आयांना शिक्षक भेटायला हवे असले की त्या विचारत, "जोशीबाई, यंदा हळदीकुंकू कधी?"

बाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. त्यांचं शेवटचं दर्शन झालं ते त्याच्या आदल्या थंडीत. आम्ही आता नॉयडाला राहतो. बाईंनी भावाजवळ द्वारकेत, तिसऱ्या मजल्यावर छोटा फ्लॅट घेतला होता. त्या आजारातून नुकत्याच उठल्या होत्या असं कळलं म्हणून मुक्ता म्हणाली, "आई, चल, जाऊन येऊ." मुक्ता गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत मोठ्या हुद्द्यावर होती. काही महिन्यांपासून ती फोनवर तुटक बोलत होती. विचारलं की "कुछ नहीं आई, काम आहे" म्हणायची. मेट्रोत नॉयडापासून द्वारकेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. मला कळलं होतं की हिच्या मनात काहीतरी आहे आणि ते कुठं निघणार आहे तेही कळलं होतं. मी पिशवीतले लाडू मांडीवर घेऊन बसले होते.

बाई वाळल्या होत्या, पण चहा त्यांनीच केला. खिडकीखाली दूधकेंद्र होतं, पलीकडे इमारतीच इमारती. आम्ही तिघी बसलो. मुक्तानं कप हातात घेतला, तसाच ठेवला आणि म्हणाली, "बाई, मला ना, तुम्हाला एक सांगायचंय..."

बाईंचा हात सवयीनं हलला. कप खाली टेकला. मी मान वळवून भिंतीवरचा नकाशा बघायला लागले.

"आईला सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे..."

"मग मला नको."

त्यांनी कप पुन्हा उचलला आणि वाफाळता चहा फुंकून फुंकून पिऊन टाकला. इतक्या वर्षांत त्यांना गरम चहा पिताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "दूध संपलंय. खाली जाऊन आणते." दूध संपलं नव्हतं. ओट्यावर भरलेली पिशवी मला दिसत होती. मुक्ता म्हणाली, "बाई, मी आणते ना," तर त्या म्हणाल्या, "तू बस गं," आणि दार ओढून गेल्या.

खोलीत आम्ही दोघी. मुक्तानं अंगठीशी चाळा केला. मग म्हणाली, "आई, मला ही नोकरी नको आहे. मी रोज सकाळी रडून गाडीत बसते. तुला सांगवत नव्हतं. तू सगळ्यांना माझं इतकं कौतुक सांगतेस."

तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. तिचा हात माझ्या हातात आला. माझ्या मनात पुष्कळ काही होतं, पगार, फ्लॅटचे हप्ते, लोक. तोंडातून निघालं ते एवढंच, "नको ना? मग राहू दे."

मुक्ता रडता रडता हसली. आणि माझ्या लक्षात आलं की शब्दसुद्धा माझे नाहीत.

मी खिडकीतून खाली पाहिलं. दूधकेंद्राच्या कट्ट्याशी साळवेबाई उभ्या होत्या, हातात दुधाची पिशवी, अंगावर शाल न घेता. दूध घेऊन झालं होतं. धुक्यात मान वर करून त्या आमच्याच खिडकीकडे बघत होत्या, आमचं झालं का म्हणून. हात केला असता तर लगेच वर आल्या असत्या.

"आई, बाईंना बोलाव ना वर, थंडी आहे," मुक्ता म्हणाली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

"बोलावते," मी म्हटलं, आणि जरा वेळ तशीच बसून राहिले.